पुळणीवरची गाडी, कातळावरची गाडी

कोकणात, आंजर्ल्यात घरगुती राहण्या-जेवणाची सोय चालवतो, त्यामुळे पाहुण्यांच्या आधी त्यांच्या गाड्यांची ओळख होते. रात्री माशाचं ताट पुढ्यात आलं की हमखास विषय निघतो, "काका, इथे मजेसाठी घ्यायची झाली तर कुठली घ्यावी? एटीव्ही, ती पिंजऱ्यातली साइड-बाय-साइड, की सरळ थार?" पुण्याचा माझा भाचा तर गेल्या दिवाळीपासून याच एका प्रश्नात अडकलाय. आमच्या दारात बरीच वर्षं महिंद्राची जुनी ५४० जीप होती, बाकीच्या गाड्या या ना त्या निमित्ताने हाताखालून गेल्या. त्यावरून जे म्हणायचं ते असं.

१. गाडीच्या आधी जमीन ठरवा.
आंजर्ल्यात चालत फिरलात तरी तीन प्रकारची जमीन पायाखाली येते. समुद्राला लागून पुळण, तिच्यामागे नारळी-पोफळीची आगरं, आणि कड्यावरच्या गणपतीच्या अंगाने वर चढलं की जांभ्याचा कातळ आणि हापूसच्या बागा. कोरड्या वाळूत हलकी गाडी आणि फुगीर, कमी हवेचे टायर लागतात. एटीव्हीच्या टायरात जेमतेम ५ ते ७ पीएसआय हवा असते, म्हणून ती रुतत नाही. बागेतल्या चढाला लो रेंज लागते आणि मागे चार क्रेट ठेवायला जागा. आगरातल्या पाखाडीला यातलं काहीच चालत नाही, तिथे आपले पाय. तिन्हीकडे चालेल अशी एकच गाडी मागणाऱ्याला मी आधी विचारतो, वर्षातले जास्तीत जास्त दिवस ती कुठे चालणार? उत्तर बहुतेकदा 'मुंबई-गोवा हायवेवर' असं असतं.

२. एटीव्हीची लांब सीट दोघांसाठी नसते.
हे कळायला जरा वेळ लागतो, कारण आपली नजर मोटरसायकलला सरावलेली. लांब सीट दिसली की मागे बायको, पुढे पोरगं. पण ती लांबी ठेवलेली असते ती चालवणाऱ्याला मागेपुढे, डावी-उजवीकडे सरकता यावं म्हणून. बऱ्याच एटीव्हींना मागच्या दोन चाकांत डिफरन्शियल नसतो, दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरतात. वळताना अंग आतल्या बाजूला टाकलं नाही तर गाडी सरळच जाते, नाहीतर उलटते. मागे कोणी कंबर धरून बसलं असेल तर अंग टाकणार कसं?
दुसरी खोड पायाची. बुलेटवाला माणूस वळणावर तोल गेला की पाय खाली टेकवतो. एटीव्हीवर तोच पाय मागच्या चाकाखाली जातो. आमच्याकडच्या एका पाहुण्याची टाच अशी सोलून निघाली होती, सँडलचा पट्टा चाकाने ओढून नेला. वेग फार नव्हता. पाय फूटरेस्टवर घट्ट ठेवायचे आणि बूट घालायचे, इतकं साधं आहे. पण समुद्रावर बूट कोण घालतो?
आणि रेस अंगठ्याने द्यायची असते. घाबरलेलं मूल हँडल घट्ट धरतं, आणि घट्ट धरलं की अंगठाही दाबला जातो. अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची संघटना १६ वर्षांखालच्या मुलांना एटीव्ही देऊच नका म्हणते. आपल्याकडे किनाऱ्यावर पाचवीतल्या मुलाला फेरी मारायला देतात, बाप मोबाइलवर चित्रण करत मागून धावतो.

३. तीन चाकी दिसली तर हात लावू नका.
होंडाने १९७० साली अमेरिकेत तीन चाकी आणली, ती तुफान चालली आणि तितकीच उलटली. शेवटी १९८८ मध्ये तिथल्या सरकारशी झालेल्या समझोत्यात कंपन्यांनी तीन चाकींची विक्री थांबवली. चार चाकी एटीव्ही ही त्यातून शिकलेली पिढी.

४. साइड-बाय-साइड घ्यायची तर आधी बेडं, म्हणजे बागेचं फाटक, मोजा.
घरच्यांना घेऊन फिरायचं असेल, तर या सगळ्यांत मला हीच बरी वाटते. स्टिअरिंग आहे, शेजारी माणूस बसतो, पट्टा आहे, डोक्यावर पोलादी पिंजरा आहे. पट्टा लावला आणि हात आत ठेवले तर पिंजरा कामाचा. गाडी कलंडायला लागली की माणूस आपसूक हात बाहेर काढून टेकवायला बघतो, आणि नेमका तोच हात पिंजऱ्याच्या नळीखाली येतो.
एका मित्राच्या बागेत ही गाडी आणली तेव्हा ट्रकमधून उतरवली आणि बेड्यापाशीच अडली. दोन्ही बाजूंना जांभ्याचा गडगा, मधे बैलगाडीच्या काळातली वाट. गडगा एका बाजूने पाडून, चिरे हलवून वाट रुंद करावी लागली, आणि शेजाऱ्याची हद्द तिथेच असल्यामुळे तलाठ्यापर्यंत विषय गेला. गाडीपेक्षा त्या गडग्याच्या गप्पा गावात जास्त दिवस चालल्या.

५. सिनेमातली बग्गी आपल्या वाळूची नाही.
फोक्सवॅगन बीटलचे यांत्रिक भाग फायबरच्या अंगात बसवून कॅलिफोर्नियात ब्रूस मेयर्सने १९६४ मध्ये मेयर्स मँक्स केली, तिथून सगळ्या बग्ग्यांचं खूळ. तिला मैलोन्‌मैल उंचसखल वाळूचे डोंगर लागतात. आपल्याकडे जवळात जवळ म्हणजे केळशीची वाळूची टेकडी, आणि ती डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी अभ्यासलेली, पोटात जुने अवशेष सांभाळणारी टेकडी आहे. तिच्यावर टायर चढवण्याची कल्पनाही करू नये.

६. थार लिहिलंय म्हणजे चारही चाकं ओढतात असं नाही.
जानेवारी २०२३ पासून थार फक्त मागच्या चाकांवर चालणाऱ्या रूपातही मिळते. दिसायला तीच. गिअरच्या दांड्याशेजारी दुसरा छोटा दांडा आहे का, एवढं बघायचं. त्याच वर्षी जूनमध्ये आलेल्या जिमनीला मात्र सगळ्या प्रकारांत फोर बाय फोर आणि लो रेंज येते, आणि वजन सुमारे १२०० किलो, थारपेक्षा बरंच कमी. वाळूत वजनाचाच हिशेब असतो. जुन्या जिप्सीला अजून गिऱ्हाईक आहे ते तिच्या हलकेपणामुळे.
चारही चाकं ओढत असली तरी हवा उतरवल्याशिवाय वाळूत जाणारा रुततोच. रस्त्यावरची ३० च्या आसपासची हवा १५-१८ वर आणली की टायर पसरतो. ते न करता नुसती रेस दिली की चाक स्वतःसाठी खड्डा खणतं. मग सुरूच्या बनातून फांद्या, बागेतून झावळ्या, कोणाचा तरी ट्रॅक्टर आणि टोचन.
शिवाय फोर बाय फोरचाही एक शेवट असतो. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ गेल्यावर आमच्या रस्त्यांवर माड आणि पोफळी अशा आडव्या पडल्या होत्या की ५४० अंगणातून हललीच नाही. त्या आठवड्यात गावात सगळ्यात उपयोगाचं यंत्र म्हणजे झाड कापायची पेट्रोलवरची करवत.

७. तिथीची पाऊणपट पाठ करा.
गाडी कुठलीही असो, हे गणित यायलाच हवं. तिथीला पाऊणने गुणलं की पूर्ण भरतीची वेळ येते, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाला भरती आणि दुपारी बाराला पाणी लांब. पौर्णिमा-अमावास्येला नेमकं उलट, दुपारी बाराच्या सुमारास भरती, तीही उधाणाची. आता विचार करा, पौर्णिमेच्या शनिवारी पाहुणे नाश्ता करून दहाला घट्ट ओल्या वाळूवर गाडी घालतात. वाळू डांबरासारखी कडक, फोटो झकास. रुतली तर हातात दोन तास, आणि पाणी चढतं. पहिली लाट फक्त टायर ओला करते. परत जाताना चाकाभोवतीची वाळू घेऊन जाते. पाच-सहा लाटांनंतर गाडी कोणीही हात न लावता खाली बसलेली असते, दाराच्या खालच्या कडेपर्यंत. हर्णै, कर्दे, मुरूड, सगळीकडे सुट्टीत हे चित्र असतं.

८. पुळण आपल्या आधीपासून कासवांची आहे.
नोव्हेंबर ते मार्च या काळात ऑलिव्ह रिडली माद्या रात्री वर येतात, साधारण शंभर अंडी वाळूत पुरून परत जातात. वन विभाग आणि गावातले कासवमित्र ती अंडी कुंपणातल्या घरट्यांत हलवतात, पण प्रत्येक घरटं सापडतंच असं नाही. गाडी वरून गेली की वाळू दबते. त्याहून वाईट चाकोरी. पिल्लू अंगठ्याएवढं, त्याला टायरची खोल रेघ म्हणजे दरी. ते त्यात पडतं आणि पाण्याकडे जायचं सोडून रेघेतच चालत राहतं, आणि वर कावळे असतात. हे प्राणी १९७२च्या वन्यजीव कायद्यात पहिल्या अनुसूचीत आहेत. कासव महोत्सवाला येऊन त्याच संध्याकाळी एटीव्हीची फेरी मारणाऱ्यांना मी घरातून दुसरी वाट दाखवतो, कातळावरची.

९. कागद बघा.
बहुतेक एटीव्हींना आपल्याकडे नंबर प्लेट मिळत नाही, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ३९ प्रमाणे नोंदणीशिवाय सार्वजनिक जागी गाडी चालवता येत नाही. म्हणजे ती तुमच्या कुंपणाच्या आतच. पोलारिसने मात्र २०२१ मध्ये स्पोर्ट्समन ५७० ट्रॅक्टर म्हणून मान्य करून घेतली, किंमत तेव्हा ८ लाखांच्या घरात होती. ज्याची पाच-दहा एकर कलमांची बाग आहे त्याला तिचा विचार करता येईल. फ्लॅटच्या पार्किंगमध्ये ठेवून वर्षातून दोनदा ट्रेलरवर आणणाऱ्याने करू नये, असं माझं मत.

१०. खारा वारा हा सगळ्यांचा मालक.
समुद्राच्या पाण्यातून गेलेली गाडी त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने खालून धुवायची, ब्रेकच्या ड्रमपर्यंत. बेल्टवर चालणाऱ्या एटीव्हीच्या बेल्टच्या खोक्यात पाणी गेलं तर बेल्ट घसरतो, चढावर गाडी नुसती ओरडते. किनाऱ्यावर भाड्याने फिरलेली सेकंडहँड एटीव्ही स्वस्त मिळते त्याचं कारण बेअरिंगात असतं. पुढचं चाक उचलून हाताने हलवून बघा, खडखड लगेच कळते.
भाच्याला शेवटी जुनी जिप्सी बघायला सांगितलीय. रंग, सीट, लाइट यांवर भुलू नकोस, टॉर्च घे आणि खाली झोप. मागच्या स्प्रिंगांचे पट्टे जिथे चॅसिसला बसतात तिथे स्क्रू ड्रायव्हरने टोचून बघ. आत गेला तर मालकाला चहाबद्दल धन्यवाद दे आणि परत ये.