सेवेचें शिक्षण

गेल्या वर्षीं शालान्त परीक्षा दिलेल्या एका विद्यार्थिनीनें आम्हांस विचारलें, "सर, मला पुढें समाजकार्याचा अभ्यास करावयाचा आहे. पण बाबा म्हणतात, गरिबांना मदत करायला पदवी कशाला लागते? मनांत दया असली म्हणजे झालें. त्यांना मीं काय सांगावें?" त्या वेळीं आम्हीं तिला थोडक्यांत उत्तर दिलें. परंतु हा प्रश्न पुष्कळ पालकांच्या मनांत असतो, आणि तो टाकाऊही नाहीं; म्हणून येथें त्याचा जरा सविस्तर विचार करण्याचें योजिलें आहे. आरंभीं आमच्याच हातून घडलेली एक चूक सांगतों. कारण या प्रश्नाचें उत्तर आम्हांस प्रथम तिनेंच शिकविलें.

कांहीं वर्षांपूर्वीं आम्ही नवव्या इयत्तेचे वर्गशिक्षक होतों. वर्गांतील एक हुशार मुलगा वारंवार गैरहजर राहूं लागला. चौकशी करितां त्याच्या वडिलांचें काम सुटलें आहे असें इतर मुलांकडून कळलें. मुलाजवळ फीला व पुस्तकांना पैसे नसतील, असें आम्हीं तत्काळ ठरवून टाकलें. वर्गांत वर्गणी काढली. मुलांनीं खाऊचे पैसे आनंदानें दिले. सकाळच्या प्रार्थनेच्या वेळीं त्या मुलास सर्व शाळेसमोर बोलावून पैशांचें पाकीट व नवा गणवेश त्याच्या हातीं दिला. टाळ्या झाल्या. आम्हांस फार समाधान वाटलें. दुसऱ्या दिवसापासून तो मुलगा शाळेंत येईनासा झाला. आणि त्याच्या वडिलांनीं पाकीट व गणवेश शेजाऱ्याच्या हातीं जसेच्या तसे परत पाठविले. आम्ही तो कृतघ्नपणा समजलों, आणि शिक्षकांच्या खोलींत तसें बोलूनही दाखविलें.

त्या सुमारास शाळेची एक माजी विद्यार्थिनी आम्हांस भेटावयास आली. बी. ए. झाल्यावर तिनें निराधार मुलांच्या एका वसतिगृहांत चार वर्षें काम केलें होतें, आणि पुढें तें काम सोडून दोन वर्षांचा समाजकार्याचा पदव्युत्तर अभ्यासक्रम पुरा केला होता. आमची तक्रार ऐकून तिनें एकच विचारलें, "सर, त्याच्या घरीं कोणी गेलें होतें का?" कोणीही गेलें नव्हतें.

ती गेली. पहिल्या भेटींत तिनें पैशाचा विषय काढला नाहीं, कीं शाळेचाही काढला नाहीं. तिसऱ्या भेटींत मुलाची आई बोलली. तिला क्षय झाला होता, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांस तें कळूं नये म्हणून सारें घर जपत होतें. ती दवाखान्यांत जाई त्या दिवशीं धाकट्या बहिणीस सांभाळावयास मुलगा घरीं राही. फीचे पैसे तर वडिलांनीं उसने आणून केव्हांच बाजूस ठेविले होते! म्हणजे ज्याची गरज नव्हती तें आम्हीं दिलें. आणि जें घर आपलें दुःख झांकून ठेवण्यासाठीं धडपडत होतें, त्याच्याकडे आम्हीं चारशें मुलांचे डोळे वळविले.

त्यानंतर त्या बाईंनीं काय केलें? धाकट्या बहिणीस अंगणवाडींत घालण्याची व्यवस्था झाली. क्षयरुग्णांच्या पोषणासाठीं सरकार २०१८ सालापासून दरमहा जें साहाय्य देतें, त्यासाठीं आईचें नांव तिच्या संमतीनें नोंदविलें गेलें. वडिलांशीं बोलणें झालें. मुलगा पुढील जूनमध्यें शाळेंत परत आला. परंतु नववीचें वर्ष बुडालें तें बुडालेंच. चूक आमची होती आणि तिची किंमत त्या मुलानें भरली.

आमच्या मनांत दया नव्हती काय? होती, पण आम्हीं विचारपूस केली नाहीं, घरची गोष्ट चव्हाट्यावर आणली, आणि त्या माणसांस काय हवें आहे हें त्यांच्या तोंडून ऐकण्यापूर्वींच ठरवून टाकलें. वैद्य नाडी न पाहतां औषध देऊं लागला तर त्याचें मन कितीही कोमल असो, आपण त्याच्या दारीं पुन्हा जाणार नाहीं. मग दुःखी कुटुंबाच्या दारीं जाणाऱ्यानें मात्र कांहीं न शिकतां जावें, असें आपण कां समजतों?

हा प्रश्न प्रथम आपल्या देशांत उपस्थित झाला असें नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेंतील मोठ्या शहरांत दानधर्म करणाऱ्या संस्था पुष्कळ निघाल्या, आणि त्यांच्या वतीनें दयाळू स्त्रीपुरुष गरिबांच्या घरीं जाऊं लागले. अशा एका संस्थेंत, बाल्टिमोर शहरीं, १८८९ सालीं मेरी रिचमंड नांवाच्या एक बाई हिशेबाच्या कामावर लागल्या. त्यांचे आईबाप लहानपणींच निवर्तले होते. आजीनें त्यांना वाढविलें होतें. शिक्षण हायस्कुलापुरतेंच झालें होतें. परंतु काम करितां करितां त्यांच्या ध्यानांत आलें कीं, हा व्यवसाय केवळ सद्भावनेवर चालणार नाहीं. त्यासाठीं पद्धतशीर शिक्षण देणारी शाळाच पाहिजे. १८९७ सालीं टोरोंटो येथें भरलेल्या परिषदेंत त्यांनीं तशी मागणी केली. पुढच्याच वर्षीं न्यूयॉर्क शहरांत सहा आठवड्यांचा उन्हाळी वर्ग निघाला, आणि त्या लहानशा वर्गांतून वाढत गेलेली शाळा आज कोलंबिया विद्यापीठाचा भाग आहे. रिचमंडबाईंनीं १९१७ सालीं जो ग्रंथ प्रसिद्ध केला त्याचें नांव 'सोशल डायग्नोसिस', म्हणजे सामाजिक निदान. आधीं निदान, मग उपाय, हें त्या नांवांतच आलें.

आतां आपल्या मुंबईकडे वळूं. १९२५ सालीं क्लिफर्ड मॅन्शार्ट नांवाचे अमेरिकन गृहस्थ अमेरिकन मराठी मिशनच्या वतीनें मुंबईस आले. १९२६ सालीं नागपाड्याच्या दाट वस्तींत 'नागपाडा नेबरहुड हाउस' या नांवाचें केंद्र स्थापन झालें. तेथें नाना धर्मांचीं व नाना भाषा बोलणारीं माणसें शेजारीं राहत. अशा वस्तींत काम करावयाचें तर त्यासाठीं तयार झालेलीं माणसें हवींत, हें मॅन्शार्ट यांना कळून चुकलें. पुढें सर दोराबजी टाटा यांच्या विश्वस्त निधीच्या साहाय्यानें १९३६ सालीं त्याच नागपाड्याच्या इमारतींत 'सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क' सुरू झालें. मॅन्शार्ट हे त्याचे पहिले संचालक. पहिल्या तुकडींत वीस विद्यार्थी होते. समाजकार्याचें असें पदव्युत्तर शिक्षण देणारी ही आपल्या देशांतील पहिली शाळा होय.

ती शाळा वस्तीच्या ऐन मध्यभागीं निघाली, ही गोष्ट आम्हांस महत्त्वाची वाटते. खिडकींतून बाहेर पाहिलें कीं अभ्यासाचा विषय समोर उभा! १९३७ सालीं या शाळेनें बालमार्गदर्शनाचें चिकित्सालय काढलें. हट्टी, भित्र्या किंवा अभ्यासांत मागें पडणाऱ्या मुलांस शिक्षेऐवजीं समजून घेण्याचा तो नवा प्रयत्न होता. १९४४ सालीं संस्थेस 'टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस' हें नांव मिळालें. १९४६ सालीं मुंबईच्या जे. जे. रुग्णालयांत वैद्यकीय समाजसेवकाची नेमणूक झाली, आणि औषधाबरोबर रोग्याच्या घरचाही विचार करणारें माणूस रुग्णालयांत आलें. १९५४ सालीं संस्था देवनारला गेली व १९६४ सालीं तिला विद्यापीठाचा दर्जा मिळाला. दरम्यान १९५५ सालीं मुंबईंत निर्मला निकेतन व १९६३ सालीं पुण्यांत कर्वे समाजसेवा संस्था निघाली.

या दोन वर्षांत शिकवितात तरी काय, असें पालक विचारतील. कोणत्याही शाखेची पदवी घेतलेला विद्यार्थी या अभ्यासास पात्र असतो. वर्गांत समाजरचना, मानसशास्त्र, कायदे व संशोधनाच्या पद्धती शिकावयाच्या. एका व्यक्तीबरोबर, एका गटाबरोबर व सबंध वस्तीबरोबर काम कसें करावें हें शिकावयाचें. परंतु याहून वेगळें असें या शिक्षणाचें अंग म्हणजे क्षेत्रकार्य. आठवड्यांतून साधारणतः दोन दिवस विद्यार्थी रुग्णालय, शाळा, बालगृह, झोपडवस्ती किंवा खेडें येथें प्रत्यक्ष काम करितो, आणि जें पाहिलें, ऐकलें व केलें तें लिहून मार्गदर्शक शिक्षकांस दाखवितो.

आमच्या माजी विद्यार्थिनीनें या लेखनाविषयीं सांगितलेली हकीकत ऐकण्यासारखी आहे. तिनें पहिल्याच अहवालांत 'आई निष्काळजी आहे' असें वाक्य लिहिलें होतें. मार्गदर्शकांनीं त्याखालीं रेघ ओढून विचारलें, "हें तुम्हीं पाहिलें कीं ठरविलें?" तिनें पाहिलें होतें तें एवढेंच, कीं दुपारीं दोन वाजतां मूल उपाशी होतें आणि आई घरीं नव्हती. आई धुण्याभांड्याच्या कामावर गेली होती. त्या दिवसापासून पाहिलेलें एका बाजूस व वाटलेलें दुसऱ्या बाजूस लिहिण्याची संवय तिला लागली.

चार वर्षें काम केल्यावर पुन्हा विद्यार्थिनी होणें तिला सोपें गेलें नाहीं. "सर, आपल्याला काय येत नव्हतें हें कळलें, तेव्हां पहिले दोन महिने मला रात्रीं झोंप लागेना," असें ती म्हणाली. वसतिगृहांत एक लहान मुलगा रोज उशीखालीं पोळी लपवीत असे. तिनें त्यास चोरी समजून कितीदां तरी रागें भरलें होतें. ज्या मुलानें दीर्घ उपासमार सोसली असेल, तें पोट भरल्यावरही उद्यांसाठीं अन्न लपवून ठेवतें, हें तिला अभ्यासांत कळलें. तिनें वसतिगृहास पत्र लिहून कळविलें कीं, त्या मुलास झांकणाचा एक डबा द्यावा व रात्रीं त्यांत एक पोळी त्याच्यासमक्ष ठेवावी. कांहीं आठवड्यांनीं डब्यांतील पोळी सकाळीं तशीच राहूं लागली. आमच्या मतें, आधीं काम केलेल्या माणसानें हा अभ्यास केला तर त्यास दुप्पट फळ येतें. कारण प्रत्येक धड्याबरोबर त्याला एखादा ओळखीचा चेहरा आठवतो.

या व्यवसायाचे नियमही आहेत. फेलिक्स बीस्टेक या अमेरिकन धर्मगुरूंनीं १९५७ सालीं आपल्या ग्रंथांत असे सात नियम मांडले. त्यांपैकीं दोन आमच्या चुकीस नेमके लागू पडतात: कोणी विश्वासानें सांगितलेली गोष्ट गुप्त राखावी, आणि आपल्या आयुष्याचा निर्णय घेण्याचा हक्क ज्याचा त्याला द्यावा. आम्हीं दोन्ही नियम एका सकाळींत मोडले होते.

आतां कायद्यानेंही या शिक्षणाचें महत्त्व ओळखलें आहे. २०१५ च्या बालन्याय कायद्याप्रमाणें विधिसंघर्षग्रस्त मुलांच्या मंडळांत दंडाधिकाऱ्याबरोबर दोन समाजकार्यकर्ते बसतात, व त्यांत निदान एक स्त्री असावी लागते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानें तर मनोरुग्णांसाठीं काम करणाऱ्या समाजकार्यकर्त्याची व्याख्या करितांना समाजकार्याची पदव्युत्तर पदवी व तिच्यावर त्याच विषयांतील दोन वर्षांचें विशेष शिक्षण सांगितलें आहे.

पालकांपासून एक गोष्ट आम्ही लपवीत नाहीं. या व्यवसायांत वैद्य किंवा अभियंता यांच्याइतका पैसा बहुधा मिळत नाहीं, आणि दुःख रोज पाहावें लागतें. ज्याच्या अंगीं मुळांत कळकळ नाहीं त्याला ही पदवी ती देऊं शकणार नाहीं. परंतु ज्या मुलामुलींत ती आहे, त्यांना 'मन असलें म्हणजे झालें' असें सांगून शिक्षणावांचून ठेवणें, हें त्यांचें व ज्यांच्या दारीं तीं उद्यां जाणार आहेत त्यांचेंही नुकसान आहे.

विद्यार्थ्यांनो, पदवी दूर असली तरी या अभ्यासाचे पहिले धडे आजही गिरवितां येतात. सोबती गप्प असेल तर त्याच्या गप्पपणाचें कारण आपणच ठरवूं नका, त्याच्याजवळ बसा. त्यानें कांहीं सांगितलें तर तें दुसऱ्यास सांगूं नका. प्रसंग त्याच्या जिवावरचा असेल तर मात्र वडील माणसास अवश्य कळवा. आणि मदत करण्यापूर्वीं, काय हवें, हें त्यालाच विचारा.

त्या विद्यार्थिनीच्या वडिलांस आम्ही भेटलों व वरील सारी हकीकत सांगितली. ते बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मग त्यांनीं विचारलें, "तो मुलगा आतां काय करितो?" तो दहावी उत्तीर्ण होऊन तंत्रशिक्षण घेत आहे, असें आम्हीं सांगितलें. मुलीविषयीं ते त्या दिवशीं कांहीं बोलले नाहींत. परंतु तिनें यंदा पदवीच्या पहिल्या वर्षासाठीं नांव घातलें आहे, आणि पुढचा विचार तीं दोघें मिळून करणार आहेत.

वर्गाची मदतपेटी आम्हीं बंद केलेली नाहीं. मात्र आतां तींतील पैसा कोणासही प्रार्थनेच्या वेळीं दिला जात नाहीं. आणि ती उघडण्यापूर्वीं वर्गशिक्षक त्या मुलाच्या घरीं एकदां तरी जाऊन येतात.