एक नाव, अनेक उच्चार

शास्त्रपाठ : लूक 1:57-66, शास्ते 12:5-6

देडतलाईहून धारणीला जाताना राज्याची सीमा ओलांडावी लागते. अलीकडे शाळेत हिंदी, पलीकडे मराठी, आणि दोन्हीकडे पुष्कळ घरांत कोरकू. अशा ठिकाणी बाळाचे नाव योहान ठेवले तर? हिंदी शास्त्रात तोच यूहन्ना, इंग्रजीत जॉन. पेत्राचा पतरस होतो, याकोबाचा याकूब. मूळ इब्री नाव योहानान. मराठी रूप त्याला जवळचे, हिंदी रूप अरबीशी जुळणारे. चुकीचे कोणतेच नाही.

मुक्या झालेल्या जखऱ्याने पाटीवर नाव लिहिले आणि नातलगांचा वाद मिटला. आपणही बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत व जन्मदाखल्यात एकच रूप लिहावे. नाहीतर पुढे कागदपत्रे अडतात.

उच्चाराचे मात्र निराळे. यार्देनेच्या उतारापाशी ‘शिब्बोलेथ’ला ‘सिब्बोलेथ’ म्हणणाऱ्या एफ्राइमी माणसांना ठार केले. त्या वेळी 42,000 पडले. आपल्या वर्गात कोणी मरत नाही, पण मूल घरच्या उच्चाराने नाव सांगते तेव्हा बाकीची हसतात, आणि पुढच्या रविवारी ते येत नाही. शिक्षकांनी हजेरी घेण्याआधी आईला विचारावे, “घरी कशी हाक मारता?” आणि हजेरीत तशीच हाक मारावी.