पिवळा धोत्रा : शेतातील तण, स्वयंपाकघरातील विष

१९९८ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये दिल्लीत भेसळयुक्त मोहरीच्या तेलाने साठहून अधिक बळी घेतले. सुमारे ३,००० रुग्णांना रुग्णालयांत दाखल करावे लागले. या अनर्थाच्या मुळाशी एक रानटी वनस्पती होती. महाराष्ट्रात तिला पिवळा धोत्रा, तर हिंदी भाषक प्रदेशात सत्यानाशी म्हणतात.

मूळची मेक्सिकोकडील ही काटेरी वनस्पती आज देशभर पडीक जमिनीत, रस्त्यांच्या कडेला व रब्बीच्या शेतांत आढळते. तिचे बारीक, काळसर बी मोहरीसारखेच दिसते. त्यामुळे ते कापणी-मळणीत नकळत मिसळते, तर कधी नफ्यासाठी हेतुपुरस्सर मिसळले जाते.

शरीरावरील परिणाम

या बियांच्या तेलातील सँग्विनारिन हे विषारी द्रव्य केशवाहिन्यांना इजा करते. त्यांतून द्रव झिरपून पायांवर सूज येते, धाप लागते, हृदय दुर्बल होते. काहींना काचबिंदूही होतो. मोहरीच्या तेलात एक टक्का भेसळही घातक ठरू शकते. एकाच घरातील अनेक माणसे एकाच वेळी आजारी पडणे ही या रोगाची खूण होय. यावर विशिष्ट उतारा नाही. तेल तत्काळ बंद करणे, विश्रांती व लक्षणांनुसार उपचार हेच उपाय आहेत. १८७७ मध्ये कलकत्त्यात नोंदल्या गेलेल्या या रोगाच्या साथी त्यानंतरही वारंवार उद्भवल्या आहेत.

बाजारपेठेचे अपयश

तेल शुद्ध आहे की नाही, हे ग्राहकाला रंगावरून वा चवीवरून समजत नाही. रोजच्या कमाईतून थोडे थोडे सुटे तेल घेणाऱ्या गरीब कुटुंबाला तर तेल कोणत्या घाण्यावरचे, हेही ठाऊक नसते. म्हणजे भेसळीचा लाभ विक्रेत्याला आणि तिची किंमत रुग्णाला, अशी ही विषम विभागणी आहे. १९९८ मध्येच केंद्र सरकारने खाद्यतेल वेष्टनबंद विकण्याचा आदेश काढला. २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांनीही सुट्या तेलाच्या विक्रीस मनाई केली. तथापि, वेष्टनामुळे तेल महागले, तर गरीब ग्राहक पुन्हा सुट्या तेलाकडेच वळेल.

म्हणून उपाययोजनेचा आरंभ शेतापासून व्हावयास हवा. बी धरण्यापूर्वीच तण उपटणे, गाळपापूर्वी मोहरी पाखडून व चाळून घेणे आणि घाण्यावर नायट्रिक आम्लाची साधी चाचणी करणे या बाबी अल्पखर्चिक आहेत. या चाचणीत भेसळीच्या तेलाने आम्लाच्या थराला नारिंगी-तांबूस रंग येतो. त्यास परवडणाऱ्या छोट्या वेष्टनांची जोड मिळाली, तरच कायद्याचे संरक्षण गरिबाच्या चुलीपर्यंत पोहोचेल.