स्टील गिटारवरील हार्मोनिक्स : द्रुत वादनाची तयारी

तंबोऱ्याचा खर्ज नीट जुळला की कोणी न छेडलेला गंधार त्यातून ऐकू येतो. जाणकार त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. प्रत्येक तारेच्या पोटी असे अनेक स्वर दडलेले असतात. तारेला बरोबर मध्यावर हलका स्पर्श करून ती छेडली, तर मूळ स्वर मावळतो आणि वरच्या सप्तकातला तोच स्वर घंटेसारखा निर्मळ उमटतो. गिटारवादक यालाच हार्मोनिक म्हणतात.

हवाई बेटांवर जन्मलेली स्टील गिटार मांडीवर आडवी ठेवून, तारांवर पोलादी बार सरकवीत वाजवतात. मुंबईच्या चित्रपटसंगीतात व्हॅन शिप्ले व हजारा सिंग यांनी ती लोकप्रिय केली. ब्रिजभूषण काबरा यांनी १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’मध्ये तिच्यावर रागसंगीत ऐकवले. आपल्या गायनपार्ट्यांत बेंजो वाजवणाऱ्या मुलांना हे वाद्य परके वाटू नये. निराळे वाद्य विकत घेण्याचीही गरज नाही. साध्या गिटारच्या माथ्याकडील पट्टीवर उंच पट्टी बसवून तारा उचलल्या, की सरावापुरते काम भागते.

आता मूळ विषय. मोकळ्या तारेचा मध्य बाराव्या पडद्यावर येतो. बार तिसऱ्या पडद्यावर ठेवला, की तो पंधराव्यावर जातो. पाचव्यावर ठेवला, की सतराव्यावर. उजव्या तळहाताची करंगळीकडील कड तेथे अलगद टेकवायची, त्याच क्षणी अंगठ्यातील नखीने तार छेडायची आणि हात लगेच उचलायचा. हात रेंगाळला की स्वर गुदमरतो.

नवशिके वेग अंगठ्यात शोधतात. वेग असतो तो दोन्ही हातांच्या एकत्र सरकण्यात. अंतर नेहमी बारा पडद्यांचेच असले, तरी इंचांत ते बदलते. तारेची लांबी साडेबावीस इंच धरली, तर मोकळ्या तारेवर ते सव्वाअकरा इंच असते. बार पाचव्या पडद्यावर गेला की सुमारे ८.४ आणि बाराव्यावर अवघे ५.६. म्हणजे डावा हात जितका सरकतो, त्याच्या निम्मेच उजव्याने सरकायचे. हे हाताला उमगेपर्यंत एकाच तारेवर मोकळी, पाचवा, सातवा, बारावा, अर्थात सा, म, प, सां, एवढेच ठाय लयीत घोटावे. प्रत्येक स्वर स्वच्छ येऊ लागल्यावरच दुगुन करावी. साध्या गिटारवर चोविसावा पडदा नसतो; तेथे बार आणि घोडी यांचा मध्य डोळ्यांनी हेरावा लागतो.

खरी द्रुत गती मात्र बार न हलवता मिळते. बार एका पडद्यावर स्थिर ठेवून उजवा हात त्याच रेषेत एका तारेवरून दुसरीवर नेला, की स्वरांची माळ झरझर उतरते. शिवाय बाराऐवजी सात पडदे पुढे स्पर्श केल्यास त्याच तारेतून वरच्या सप्तकातला पंचम निघतो. स्वर उमटल्यानंतर बार सरकवला, तर हार्मोनिकचीही मींड घेता येते. हे सुख साध्या गिटारला क्वचितच लाभते.

एक व्यावहारिक सूचना. चिपळूणच्या पावसाळी हवेत पोलादी तारांना लवकर गंज चढतो आणि गंजलेली तार सर्वत्र सारख्या जाडीची राहत नाही. मग अचूक मध्यावर स्पर्श करूनही हार्मोनिक बेसूर येतो आणि विद्यार्थी विनाकारण स्वतःच्या हाताला दोष देत बसतो. वादनानंतर तारा कोरड्या सुती कापडाने पुसाव्यात आणि गंजलेल्या तारा वेळीच बदलाव्यात.