वहिनीच्या खुब्यासाठी

लेकरा,
काल फोनवर तीनदा एकच विचारलंस, "आत्या, छोट्या चिऱ्याचं करावं का मोठ्या?" माझा डावा खुबा जुन्या पद्धतीनं, मोठ्या चिऱ्यानं बदलला, उजवा छोट्या चिऱ्यानं. दोन्ही वाटांनी जाऊन आले, म्हणून लिहून देते. तू वाच आणि वहिनीलाही वाचून दाखव.

१. चिरा किती इंचांचा ते शेवटी विचार. आधी विचार, सांध्यात कुठल्या बाजूनं शिरणार, कोणता स्नायू कापणार आणि कोणता नुसता बाजूला सारणार — दार लहान केलं म्हणून घरातलं काम कमी होत नाही.

२. जुना चिरा साधारण ६ ते १० इंचांचा, छोटा ३-४ इंचांचा. आत मात्र तोच झिजलेला गोळा काढतात, तीच वाटी घासतात, तसाच सांधा बसवतात. छोट्या चिऱ्याचा माणूस बऱ्याचदा पहिल्या काही आठवड्यांत लवकर सावरतो — पण वर्षानंतर दोघांची चाल बघून कोणाचा चिरा केवढा, हे तुला ओळखू येणार नाही.

३. मांडीच्या पुढून करतो म्हणाले, तर आजवर अशी किती केली ते न लाजता विचार — ही वाट स्नायूंच्या मधून जाते, कापाकापी कमी, पण हात बसायला पुष्कळ ऑपरेशनं लागतात, आणि हात बसेपर्यंत हाडाला तडा जायची भीती जास्त. मांडीची बाहेरची बाजू बधिर वाटली तर घाबरू नका, बहुतेकांचं ते हळूहळू कमी होतं.

४. मोठा चिरा म्हटलं की तुझं तोंड पडतं, ठाऊक आहे मला. अंग जाड असेल, हाड वाकडं असेल, तर डॉक्टरला नीट दिसू दे — दिसेल तेवढंच नीट बसेल. इंग्लंडात जॉन चार्नली यांनी १९६२ साली या ऑपरेशनची घडी बसवली, तीही मोठ्या चिऱ्यानंच, आणि त्यातले कितीतरी सांधे २०-२५ वर्षं चालले.

५. नव्या सांध्याच्या डब्यावरची स्टिकरं फाईलला लावून घे — २०१० साली डीपाय कंपनीनं एएसआर नावाचा, धातूवर धातू घासणारा सांधा जगभरातून परत घेतला, तेव्हा आपल्या देशातल्या कितीतरी रुग्णांचा पत्ताच लागला नाही.

६. वहिनीची मिश्री आजपासून बंद, साखर ताब्यात, किडका दात दाखवून घ्यायचा, लघवीची तपासणी करायची — दातातला नाहीतर लघवीतला जंतू रक्तातून नव्या सांध्यात जाऊन बसला, तर तो काढताना सांधाही काढावा लागू शकतो. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर डॉक्टरला सांग, आपल्या मनानं थांबवू नको.

७. आता हे नीट ऐक. माझा डावा खुबा मागच्या बाजूनं केलेला. पाचव्या आठवड्यात वरची जखम छान भरली होती, दुखत नव्हतं, म्हणून भाजी चिरायला विळी घेऊन पाटावर बसले. वाकले आणि गोळा वाटीतून निसटला. भूल देऊन परत बसवावा लागला, आणि ती रात्र मी अजून विसरले नाही. मागून केलेल्याला डॉक्टर सांगतील तोवर पाट नाही, मांडी नाही, पायावर पाय नाही, गुडघा खुब्याच्या वर नाही — कातडी लवकर भरते, आतलं तिच्या मागून भरतं. हुजूर साहिबला लंगरात खाली बसून जेवायची वहिनीला फार हौस. यंदा खुर्ची मागायची, कोणी नाही म्हणणार नाही.

८. दवाखान्यातून घरी यायच्या आधी खाट उंच कर, कमोडची खुर्ची मांड, पायपुसणी सगळी उचल — पडायला पायपुसणं पुरतं.

९. पायरी चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी — भार नेहमी चांगल्या पायानं पेलायचा.

१०. नांदेडला विष्णुपुरीच्या सरकारी दवाखान्यात असो की लातूरला, आधी महात्मा फुले योजनेच्या आरोग्यमित्राला गाठ. त्या योजनेत हे ऑपरेशन कुठं बसतं ते विचार, आणि मंजुरीचा कागद हातात आला की मगच भरती — भरलेला पैसा मागं मिळवताना चपला झिजतात. २०१२ ला ही योजना जुन्या नावानं सुरू झाली, तेव्हा पहिल्या ८ जिल्ह्यांत आपलं नांदेड होतं. तिथल्या लोकांना ती चांगली ठाऊक आहे.

११. पोटरी सुजून दुखायला लागली, नाहीतर एकदम दम लागला, तर सकाळची वाट बघू नको, रात्रीच गाडी काढ — पायात रक्ताची गाठ झालेली असू शकते, आणि ती छातीत गेली की वेळ राहत नाही. चिरा छोटा असला तरी ही भीती टळत नाही.

माझा वॉकर आणि कमोडची खुर्ची माळ्यावर पडून आहेत. रविवारच्या एसटीनं लातूरहून घेऊन येते. स्टँडवर ये, मला एवढं उचलवणार नाही.