हळदीच्या कागदावरील सूर्यचित्रे

(इयत्ता ५ वी ते ७ वी : सामान्य विज्ञान व चित्रकला यांचा जोडपाठ)

प्राथमिक शाळेत छायाचित्रणाचे प्रयोग करावयाचे म्हटले की पहिली हरकत साधनांची निघते. कॅमेरा एकच, तोही बहुधा शिक्षकांच्या मोबाईलमधला. मग चाळीस मुलांनी करावयाचे काय? ही हरकत खरी आहे; परंतु ती कॅमेऱ्यासंबंधी आहे, छायाचित्रणासंबंधी नाही. प्रकाशाने ज्याचा रंग पालटतो असा पृष्ठभाग, त्यावर ठेवलेली एखादी वस्तू आणि ऊन, एवढ्या तीन गोष्टी मिळाल्या की छायाचित्र उमटते. असा पृष्ठभाग देणारा पदार्थ प्रत्येक घरच्या मिसळणाच्या डब्यात आहे. लग्नघरी हळदीने माखलेले कपडे धुऊन उन्हात घातले की डाग हळूहळू फिका होतो, हे स्त्रियांना ठाऊक असते. त्याच डागावर साबण लागताच तो क्षणभर लाल होतो, हेही मुलांनी पाहिलेले असते. या दोन अनुभवांवर प्रस्तुत पाठ उभा आहे.

छायाचित्रणाचा आरंभही असाच कॅमेऱ्यावाचून झालेला आढळतो. इंग्लंडात फॉक्स टॅल्बट याने चांदीच्या क्षाराचा लेप दिलेल्या कागदावर पाने व जाळीची वस्त्रे ठेवून त्यांच्या आकृती उमटविल्या आणि १८३९ साली ती रीत विद्वानांपुढे मांडली. ज्योतिर्विद जॉन हर्शेल याने १८४२ साली निळ्या छापाची पद्धत शोधून काढली. पुढे इमारतींचे नकाशे ज्या निळ्या कागदांवर निघत असत, ते याच पद्धतीचे. अ‍ॅना अ‍ॅटकिन्स या विदुषीने १८४३ पासून समुद्रशेवाळांची चित्रे त्या पद्धतीने छापून ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. शेवाळाचा तंतू न् तंतू हाताने काढणे दुर्घट; ते काम सूर्याने केले. त्याच १८४२ सालच्या निबंधात हर्शेलने फुलापानांच्या रसांवर प्रकाशाचा काय परिणाम होतो, याचेही प्रयोग नमूद केले आहेत. ती चित्रे फार सावकाश उमटत आणि कायम टिकत नसत, म्हणून व्यापारात त्यांचा उपयोग झाला नाही. शाळेला मात्र तोच सावकाशपणा उपकारक आहे. तो कसा, ते पुढे दिसेल.

पूर्वतयारी

दोन चमचे हळदपूड अर्धी वाटी स्पिरिटमध्ये कालवून थोडा वेळ ठेवावी व जाड फडक्यातून गाळून घ्यावी. हळदीतील रंगद्रव्य पाण्यात फारसे विरघळत नाही, स्पिरिटमध्ये विरघळते, म्हणून पाणी वापरून भागत नाही. स्पिरिट चटकन पेट घेते. तेव्हा हे काम शिक्षकांनी स्वतः, हवेशीर जागी आणि चुलीदिव्यापासून दूर करावे. चित्रकलेच्या जाड कागदावर हा अर्क रुंद कुंचल्याने सारखा पसरावा आणि कागद काळोख्या खोलीत वाळवावेत. उन्हाच्या ओसरीत वाळविलेला कागद आधीच विटू लागतो.

वस्तूंची निवड मुलांवर सोपवावी. शेवग्याची डहाळी, नेचा, वहीत जपलेली पिंपळपानाची जाळी, कोंबड्याचे पीस, भरतकामाचा तुकडा, काहीही चालेल. ताजी पाने एक दिवस पुस्तकात दाबून घ्यावीत, नाही तर त्यांची वाफ काचेला धरते व कागदावर डाग पडतात. गाजरगवताचे पान आकाराने मोहक खरे, पण त्याने अंगाला खाज सुटते. ते वर्ज्य समजावे. जुन्या तसबिरीची काच कडांना पट्टी चिकटवून वर ठेवावी आणि खालच्या पुठ्ठ्याशी कपड्यांच्या चिमट्यांनी घट्ट धरावी. पावसाळ्याचे दिवस सोडून कडक उन्हात एक ते तीन तासांत चित्र तयार होते.

उन्हातून काढल्यावर उघडा भाग फिकट आणि झाकलेला भाग पिवळा दिसतो. हा भेद सौम्य असतो. तो उठावदार करण्यासाठी वाटीभर पाण्यात चमचाभर टाकणखार (सवागी) विरघळवून त्यातून कागद बुडवून काढावा. ज्या ठिकाणी हळद शिल्लक राहिली आहे तेथे तांबूस तपकिरी रंग चढतो. जेथे ऊन लागले तेथे तो चढत नाही. हळदीला टाकणखार व लिंबाचा रस देऊन कुंकू करण्याची जुनी रीत ज्यांच्या घरी पाहिलेली असेल त्यांना हा पालट ओळखीचा वाटेल. टाकणखार पोटात जाता कामा नये. कागद काडीने किंवा चिमट्याने बुडवावा व नंतर हात धुवावेत. धुण्याच्या सोड्यानेही रंग पालटतो, परंतु वाळल्यावर तो तसा टिकत नाही. शेवटी कागद साध्या पाण्यातून काढून सावलीत वाळवावा.

एका वेळी एकच बदल

येथवर जे झाले ती कृती होय. प्रयोग अद्याप झालेला नाही. प्रयोग तेव्हा सुरू होतो, जेव्हा मुले एकच गोष्ट बदलतात आणि बाकीच्या तशाच ठेवतात.

प्रथम वेळेचा प्रयोग घ्यावा. कागदाच्या लांब पट्टीवर जाळीदार कापडाची चिंधी अंथरून वर काच ठेवावी. पट्टीचे चार सारखे भाग कल्पून तीन भागांवर पुठ्ठा ठेवावा व पहिला भाग उघडा ठेवावा. अर्ध्या तासाने पुठ्ठा एक भाग सरकवावा, पुन्हा अर्ध्या तासाने आणखी एक. दोन तासांनी पाहिले असता त्याच पट्टीवर अर्धा, एक, दीड व दोन तासांच्या उन्हाचा परिणाम शेजारी शेजारी दिसतो. पूर्वी छायाचित्रकार अंधारखोलीत अशीच चाचणीपट्टी काढून मगच मोठा कागद वापरीत. कागद महाग होता, त्यामुळे अंदाजाने काम करणे परवडत नसे. कोणता भाग उत्तम हे शिक्षकांनी सांगू नये. पट्टीच्या मागे खुणा करून त्या झाकाव्यात, पट्टी हातभर अंतरावरून दाखवावी आणि प्रत्येक मुलाने आपली निवड गुपचूप लिहावी. निवडी एकसारख्या येतीलच असे नाही. जाळीचे बारीक धागे ज्यांना हवे असतात ते एक भाग निवडतात. ठसठशीत आकृती ज्यांना आवडते ते दुसरा. हा मतभेद वर्गात बोलला गेला पाहिजे, कारण ‘चांगले चित्र’ म्हणजे कशासाठी चांगले, हा प्रश्न तेथेच प्रथम उभा राहतो.

दुसरा प्रयोग रंगांचा आहे. लाल, पिवळ्या, हिरव्या व निळ्या काचेच्या फुटक्या बांगड्यांचे तुकडे (कडा घासून बोथट केलेले) एकाच कागदावर ठेवावेत. हळद पिवळी दिसते ती निळे-जांभळे किरण शोषून घेते म्हणून. आणि जे किरण शोषले जातात तेच तिला विटवू शकतात. तर मग कोणत्या बांगडीखालची हळद अधिक शाबूत राहावी? उत्तर आधी वहीत लिहावयास लावावे आणि नंतर कागद टाकणखारात बुडवावा. अपेक्षेप्रमाणे न आले तरी उत्तर खोडू देऊ नये. बांगडीच्या काचेचा रंग गडद आहे की वरवरचा, काच जाड आहे की पातळ, हे पाहण्याची संधी त्या चुकलेल्या अंदाजामुळेच मिळते.

बिघडलेले म्हणून टाकून दिलेले चित्र

या पाठाचा गाभा येथे आहे. चाळीस चित्रांत दहा-बारा स्वच्छ, रेखीव येतात; बाकीची धूसर, दुहेरी किंवा डागाळलेली निघतात. रेखीव तेवढी फळ्यावर लावून त्यांना शाबासकी द्यावी, इतर रद्दीत जावीत, अशी साधारण प्रथा आहे. तिचा परिणाम असा होतो की पुढच्या खेपेस सारी मुले शेजाऱ्याचेच पान, शेजाऱ्याच्याच रीतीने ठेवतात, आणि ज्याचे बिघडले तो आपला कागद दप्तरात लपवितो. वर्गाजवळ असलेली अर्धीअधिक माहिती अशा रीतीने दप्तरात नाहीशी होते.

एक उदाहरण घेऊ. एखाद्या मुलाने काच न लावता वाळून वळलेले पान तसेच ठेवले. पानाचे टोक कागदाला टेकलेले, मधला भाग सेंटिमीटरभर उचललेला. चित्रात टोक सुईसारखे रेखीव आले, मधला भाग पुसट झाला. हे चित्र ‘बिघडले’ असे म्हणून सोडून देण्यापूर्वी पुसटपणा कोणत्या दिशेने पसरला आहे ते पाहावे. कागद उन्हात कसा ठेवला होता त्याची खूण केलेली असेल, तर तो पूर्व-पश्चिम पसरलेला दिसेल. सूर्य तासाला सुमारे १५ अंश सरकतो. अकरा ते एक या दोन तासांत सेंटिमीटरभर वर असलेल्या पानाची सावली कागदावरून सुमारे अर्धा सेंटिमीटर चालून जाते. म्हणजे त्या मुलाच्या कागदावर पानाबरोबर सूर्याची चालही उमटली आहे, जी रेखीव चित्रांपैकी एकातही नाही.

ही गोष्ट ध्यानी आल्यावर दोष मुद्दाम करून पाहावा. हिवाळ्यातील स्वच्छ दिवशी हळदीच्या कागदावर खडू उभा चिकटवून तो दहा ते दोन उन्हात ठेवला, तर खडूच्या बुडापासून उत्तरेकडे पंख्यासारखी आकृती उमटते. बुडाशी गडद, टोकाकडे विरळ. टोकाची सावली एका जागी फार थोडा वेळ थांबते, म्हणून तेथील हळद बहुतेक विटून गेलेली असते. भूगोलाच्या तासाला आकृती काढून जे शिकवावे लागते, ते येथे सूर्याने स्वतः काढून दिले.

धीमी प्रक्रिया उपकारक का, हेही यावरून दिसून येईल. मोबाईलने मूल पाच मिनिटांत वीस छायाचित्रे घेते, परंतु त्यांतील एकातही काय बदलले हे त्याला सांगता येत नाही. दोन तास वाट पाहावयाची असली म्हणजे कागद ठेवण्यापूर्वी विचार करावा लागतो. मोबाईल त्याज्य आहे असा याचा अर्थ नव्हे. दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली कुंडीतील वाटाण्याच्या रोपाचे दररोज एक चित्र याप्रमाणे महिनाभराहून अधिक काळ चित्रण केले आणि ‘अंकुराची वाढ’ हा लघुपट सिद्ध केला. भांडवल देणाऱ्याचा विश्वास बसला तो हा लघुपट पाहून. शाळेतील एका मोबाईलने, खिडकीत एकाच जागी ठेवलेल्या मटकीच्या वाटीचे रोज ठरलेल्या वेळी एक छायाचित्र घेणे कोणत्याही वर्गाला शक्य आहे. जागा, वेळ व अंतर न बदलण्याची शिस्त तेवढी पाळावी लागते.

मूल्यमापन

प्रत्येक कागदाच्या पाठीवर पेन्सिलीने दिनांक, ठेवल्याची व काढल्याची वेळ, आकाशाची स्थिती, वस्तूचे नाव व उत्तर दिशेचा बाण ही नोंद असावी. नोंद नसलेले सुंदर चित्र आणि नोंद असलेले धूसर चित्र यांत दुसऱ्याला अधिक गुण द्यावेत. पहिल्या दिवशी मुलांना हे रुचणार नाही, तरी द्यावेत. नंतर मुलाला आपल्या चित्राविषयी बोलू द्यावे : कागदावर काय दिसते, ते तसे का झाले असावे, पुढच्या खेपेस कोणती एक गोष्ट बदलावयाची. यांपैकी पहिला प्रश्न सर्वांत अवघड जातो. ‘छान आले’, ‘नीट आले नाही’ अशी उत्तरे येतात. ती वर्णने नव्हेत, निकाल आहेत. ‘डावी कड स्पष्ट आहे, उजवी दुहेरी आहे’ हे वर्णन झाले. येथे घाई न करता पुष्कळ वेळ द्यावा.

सौंदर्याचा विचार वेगळा ठेवावा, परंतु गाळू नये. चित्रकलेच्या तासाला तीच चित्रे पुन्हा काढून आकृतीभोवती मोकळी जागा कशी सोडली आहे, एकावर एक ठेवलेल्या जाळ्यांनी कसे पोत निर्माण झाले, हे पाहावे. १९२० नंतरच्या दशकात मान रे व मोहोली-नाज यांनी कॅमेरा बाजूला ठेवून नुसत्या वस्तूंच्या छायांपासून चित्रे केली आणि ती कलाकृती म्हणून मान्य झाली. वळलेल्या पानाचा धूसर भाग विज्ञानाच्या वहीत सूर्याच्या गतीची नोंद ठरतो, तर चित्रकलेच्या वहीत तोच भाग हलत्या पाण्यासारखा भासू शकतो.

ही चित्रे उजेडात विटत राहतात. ती भिंतीवर कायमची लावू नयेत. वहीत मिटून ठेवावीत आणि सावलीत धरून मोबाईलने त्यांची एकेक प्रत घ्यावी. वर्गातील एक चित्र मात्र मधोमध कापून त्याचा एक अर्ध खिडकीशी टांगावा, दुसरा पुस्तकात ठेवावा व दर पंधरवड्याला दोन्ही शेजारी धरून किती फरक पडला ते मुलांनी नोंदवावे.