पीक संपलं की पॉलिहाऊसचं पाणी बंद करायचं का?

ढोबळी मिरचीच्या व्हिडिओनंतर अनेकांनी विचारलं, "सर, एप्रिलमध्ये झाडं काढली, पुढची लावण जूनअखेर. तोवर ड्रिप बंदच ठेवायचं ना?"

नाही. बँकेचा हप्ता रिकाम्या पॉलिहाऊसलाही चालू असतो, म्हणून पाणी-वीज वाचवावीशी वाटते. मीही पहिल्या वर्षी तेच केलं. पुढच्या पिकात त्याची वसुली झाली!

उघड्या रानात पावसाचं पाणी क्षार खाली नेतं. पॉलिहाऊसमध्ये वरून थेंब पडत नाही. वर्षभर ड्रिपमधून दिलेल्या खतांचे क्षार बेडमध्येच साठतात. पाणी तोडलं की खालची ओल वर चढते, उडून जाते आणि क्षार वरच्या थरात उरतात. बेडवर पांढरट थर दिसतो तो हाच. नव्या रोपाची कोवळी मुळं नेमकी तिथेच उतरणार. मग पानांच्या कडा करपतात, वाढ अडते आणि आपण नर्सरीवाल्याला बोल लावतो.

म्हणून झाडं मुळासकट काढा, बेड भुसभुशीत करा आणि पाणी थांबून-थांबून द्या. एकदम सोडलं तर ते वाटेत वाहून जातं. क्षार मुळांच्या खाली जायला हवेत. मातीचा ईसी आधी आणि नंतर तपासून घ्या.

बोअरचं पाणीच खारट असेल तर मात्र हा उपद्व्याप उलटा पडतो. तिथे छताचं पाणी शेततळ्यात साठवा. १० गुंठे म्हणजे साधारण १००० चौरस मीटर छत. १ मिलिमीटर पावसाला १००० लिटर. ५०० मिलिमीटर पाऊस झाला तर ५ लाख लिटर! गळती-बाष्पीभवन वजा करा, तरी हिशेब जमतो.

क्षार उतरले की ओल्या बेडवरच पारदर्शक प्लॅस्टिक अंथरा, कडा मातीने दाबा, पॉलिहाऊसचे पडदे लावून घ्या आणि ४ ते ६ आठवडे तसंच ठेवा. काळा मल्चिंग पेपर इथे चालत नाही. कोरड्या मातीत उष्णता खोल जात नाही, सूत्रकृमी आणि मरीची बुरशी खाली सुखरूप राहते.

लावणीआधी वीतभर खोलची माती मुठीत दाबा. गोळा झाला, हाताला चिखल लागला नाही आणि अंगठ्याने दाबताच फुटला, तर वाफसा आहे. बोटांतून पाणी निथळलं तर दोन दिवस थांबा. रोपं तेवढे दिवस ट्रेमध्ये आरामात राहतात.